होडीतल्या चार नळ्या

माणसाची संस्कृती त्याच्या साठवणुकीवरून ओळखावी. धान्य साठवता आलं तेव्हा तो एका जागी राहिला, पाणी साठवता आलं तेव्हा त्याने गावं वसवली, विचार साठवता आले तेव्हा ग्रंथ झाले. हे विधान माझ्या सासऱ्यांचं. ते त्यांनी मुंबईबाहेर, आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, स्वतःच्या बाल्कनीत, करवतीचं पातं शोधताना केलं. पातं त्यांनीच आदल्या दिवशी जपून ठेवलं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सासरे मूळचे कोकणातले. मुंबईतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी उभी हयात यंत्रांची रेखाटनं काढली आणि निवृत्तीनंतर आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. "जावयाच्या डोक्यावर बसू नये म्हणतात," ते म्हणाले, "म्हणून एकच मजला वर घेतलाय."

मला गळाने मासे धरायला त्यांनी शिकवलं. मी देशावरचा, लग्नापूर्वी माशाशी माझा संबंध शाळेतल्या तक्त्यापुरता. पहिल्या वर्षी मी गळाला कोलंबी लावायला शिकलो, दुसऱ्या वर्षी गप्प बसायला. दुसरी गोष्ट अवघड होती, आणि पुढे ऑफिसात तिचाच जास्त उपयोग झाला. दर रविवारी आम्ही नायगावच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावी जायचो. तिथे एका शेतकऱ्याची लहानशी वल्ह्याची होडी होती. भातशेती हा त्याचा धंदा, होडी ही हौस. सासऱ्यांनी कधीतरी त्याच्या घराचा नकाशा फुकट काढून दिला होता. नकाशाप्रमाणे घर झालं नाही, पण त्या ओळखीवर आम्हाला होडीत बसायला मिळायचं. तो वल्हवायचा, सासरे आणि मी गळ टाकायचो. तो सासऱ्यांना 'सायब' म्हणायचा आणि मला 'जावय'. त्या गावात मी अजून सगळ्यांचाच जावई आहे.

गळाच्या काठ्या चार. तीन सासऱ्यांच्या, एक माझी. त्या होडीच्या तळाशी लांबलचक पडलेल्या असायच्या. गळ एकमेकांत अडकलेले, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पायांना वेढलेली, शिसाचे गोळे फळ्यांच्या फटीत. मासा लागला की आम्ही तिघंही काठ्यांवरून उड्या मारायचो. होडीत असंच असतं, अशी माझी समजूत होती.

मग एका पावसाळ्यात सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. इस्पितळ, घर, मालिश, काठी टेकत चालणं, असं करत ते दसऱ्यापर्यंत जिना चढायला लागले. उजवा पाय थोडा ओढत, उजवा हात खिशात. खिशातला हात रुबाबदार दिसतो. म्हणून ते तो तिथे ठेवत असावेत, असं मला आधी वाटलं. तो तिथे ठेवला नाही तर लोंबकळायचा.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ते हट्टाने होडीत आले. ओढत्या पायाला तंगूस लागली, पाय एका काठीवर पडला, काठी फिरली, आणि सासरे फळीवर आडवे झाले. हाड शाबूत राहिलं. पण एक गळ पोटरीत रुतला, तो डॉक्टरांनी काढला, आणि डॉक्टरांनी काय काढलं ते लपवायला आम्हाला काही सुचलं नाही.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. त्या निकाल देत. त्यांनी हळद-दूध सासऱ्यांपुढे ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होडी बंद."

सासरे म्हणाले, "अगो, पण..."

"कायमची नाही म्हणत मी. होडीत पाय ठेवल्यावर पायाखाली फळी दिसायला हवी. नुसती फळी. ती दिसेल त्या दिवशी खुशाल जा. मी स्वतः येऊन बघीन."

"तू होडीत येणार?"

"काठावरून दिसतं मला."

त्यानंतरचे दिवस मला आवडत नाहीत. सासरे बाल्कनीत खुर्ची टाकून बसत. समोरची बिल्डिंग इतकी जवळ होती की तिथल्या कुकरची शिट्टी ऐकून आमच्याकडे गॅस बंद केला जाई. त्या भिंतीकडे तोंड करून ते तासन्‌तास बसायचे. वर्तमानपत्र मांडीवर, उघडलेलं, तेच पान. मी संध्याकाळी वर गेलो की विचारायचे, "भरती कितीला आहे?" मी सांगायचो. ते मान हलवायचे. एवढंच. सासूबाई स्वयंपाकघरातून हे ऐकायच्या आणि भांडी जरा जोरात लावायच्या. निकाल मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि तो चुकीचाही नव्हता, हेच अवघड होतं. अशी खुर्चीत रुतलेली माणसं मी पाहिली होती. ती परत उठत नाहीत.

एका संध्याकाळी त्यांनी भरतीचं विचारलं नाही. म्हणाले, "ते बघा."

समोरच्या भिंतीवर पाइप होते. सांडपाण्याचे, पावसाचे, आणखी कशाकशाचे. करड्या रंगाचे, क्लॅम्पने भिंतीला आवळलेले.

"काय बघू?"

"उभे आहेत. एकही आडवा नाही. कुणाच्या पायात येतो का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे नकाशा काढला. डाव्या हाताने. ज्या माणसाची रेघ केसाएवढी बारीक आणि सरळ असे, त्याची रेघ आता गोगलगाय चालून गेल्यासारखी होती. पण मापं सगळी लिहिली होती, बाण होते, आणि उजव्या कोपऱ्यात रीतसर चौकट: विषय, प्रमाण, काढणार, तपासणार. 'तपासणार'समोर त्यांनी माझी सही घेतली. मी काय तपासलं ते मला आजही सांगता येणार नाही.

कल्पना सोपी होती. अडीच इंची पीव्हीसी पाइपच्या चार नळ्या, मांडीएवढ्या उंच. त्या एका फळीला, भिंतीवरच्या पाइपांसारख्या, ओळीने उभ्या आवळायच्या आणि ती फळी होडीच्या मागच्या बाजूला, बसायच्या आडव्या पट्टीला टेकवून पक्की करायची. प्रत्येक नळीच्या तोंडाला एक खाच, म्हणजे काठीचं रीळ त्या खाचेत बसेल आणि काठी फिरणार नाही. तळाला बूच. काठ्या उभ्या, होडीचा तळ मोकळा, पायाखाली फळी.

पाइप मी तुळिंजच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला. आमच्या भागात तेव्हा बिल्डिंगा पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, म्हणजे अळंब्यांसारख्या. दुकानदाराला पाइप घेणारा म्हणजे प्लंबर एवढंच माहीत.

"कुठल्या मजल्याला लावायचेत?"

"मजला नाही. होडीला."

त्याने पाइप मोजता मोजता मान वर केली. "होडीत फ्लश?"

मी खुलासा केला नाही. काही गैरसमज दूर करायला फार वेळ लागतो आणि दुकानात गर्दी होती.

कापणं, घासणं, खाच पाडणं बाल्कनीत झालं. सासरे डाव्या हाताने पाइप दाबून धरायचे आणि मी करवत चालवायचो. करवत वाकडी गेली की ते फक्त "हं" म्हणायचे. त्या 'हं'मध्ये कारखान्यातल्या कैक शिकाऊ कामगारांचा इतिहास होता. खाचेच्या कडा त्यांनी स्वतः पॉलिश पेपरने घासल्या. डाव्या हाताने, तास तास. बोट फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. सासूबाई दारात येऊन उभ्या राहायच्या, बघायच्या, परत जायच्या. ताट झाकलेलं असायचं. वर्तमानपत्र आता पाइपच्या भुशाखाली अंथरलेलं असायचं, त्यामुळे ते निदान रोज नवं लागायचं.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. ती आचोळ्यात राहणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकते.

आमच्याकडे पाणी यायचं ते यायची इच्छा झाली की. "पाणी आलं" अशी आरोळी जिन्यात उठली की माणसं हातातला घास ठेवून धावत. पिंप, बादल्या, कळश्या, पातेली, दुधाची किटली, एकदा तर कॅरमबोर्डाखालचा टब. ज्याला तळ आहे त्या प्रत्येक वस्तूत आम्ही पाणी भरून ठेवत होतो. टँकर आला की सभ्यपणा खाली ठेवून हंडा उचलावा लागे. अशा ठिकाणी काही वर्षं राहिलं की हात आपोआप शिकतात: नळीला बूच लावायचं तर असं लावायचं की एक थेंब गळता कामा नये.

आम्ही बुचांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं. दोनदा लावलं. मग सासऱ्यांनी चारही नळ्या पाण्याने काठोकाठ भरल्या आणि बाल्कनीत ओळीने उभ्या केल्या. सकाळी मला खाली निरोप आला. मी वर गेलो. पाणी तेवढंच होतं. खालची फरशी कोरडी.

"बघा," ते म्हणाले. आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज जुना वाटला. शेजारचे गृहस्थही बघायला आले आणि त्यांनी अशा दोन नळ्या आम्हालाही करून द्या म्हटलं, तुळशीला पाणी साठवायला.

योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या नव्या टाकीचं उद्घाटन झालं. मांडव, हार, फीत, ताटात कात्री. प्रमुख पाहुणे पाण्याच्या महत्त्वावर बोलले. मग त्यांनी नळ उघडला. टाळ्या झाल्या. नळातून थोडी हवा आली. सासरे माझ्या कानात म्हणाले, "आपल्याकडे पाणी तरी आहे."

रविवारी मी एकटाच नळ्या घेऊन गावी गेलो. सासरे यायला निघाले होते, चप्पल घातली होती. सासूबाईंनी नुसतं बघितलं. सासऱ्यांनी चप्पल काढली.

होडीवाला बांधावर बसला होता. नळ्या बघून त्याने तोंडातली विडी काढली.

"जावय, ह्ये काय आनलं?"

"काठ्या ठेवायला. सायबांनी बनवलंय."

"संडासाचा पाईप हाय ह्यो."

"नवा आहे. कोरा."

"कोरा असला तरी त्याची जात तीच ना? माजी होडी नारली पुनवेला पूजते बायको माजी. नारल वाढवते. आन तिच्यात मी संडास ठेवू?"

मी ड्रिल आणि स्क्रू घेऊन गेलो होतो. ते बघितल्यावर तर तो उठूनच उभा राहिला. "भोक? होडीला? जावय, तुमी कोनच्या गावचे?"

प्रश्न योग्य होता. मी ड्रिल पिशवीत ठेवलं. त्याने नळ्या उलट्यापालट्या करून बघितल्या, खाचांच्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"ह्ये कोनी घासलं?"

"त्यांनीच. डाव्या हाताने."

तो घरात गेला आणि होडीला लावून उरलेल्या निळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. आम्ही दोघांनी नळ्या रंगवल्या. रंग वाळल्यावर त्या संडासाच्या राहिल्या नाहीत, होडीच्या झाल्या. मग त्याने फळी मागच्या पट्टीला नायलॉनच्या दोरीने बांधली, इतकी आवळून की ती माझ्याने हलेना. खिळा नाही, भोक नाही. शेवटी त्याच्या बायकोने येऊन नळ्यांना हळदकुंकू लावलं. चारही नळ्यांना वेगवेगळं. समारंभांवर माझा फारसा विश्वास नाही, पण ह्यात भाषण नव्हतं.

काठ्या नळ्यांत उभ्या केल्या, होडी बांधावर ठेवली, आणि पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन यायचं ठरवून मी घरी आलो. सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी निळ्याची छटा विचारली.

मधल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडला. शनिवारी मी खात्री करायला म्हणून आधीच जाऊन आलो, हे बरं झालं. नळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. चारही काठोकाठ भरल्या होत्या. काठ्यांच्या मुठीचं बूचलाकूड फुगून नळीत घट्ट बसलं होतं, रिळांवर गंज चढला होता, आणि मी पहिली काठी ओढली तेव्हा सोडावॉटरची बाटली उघडावी तसा आवाज झाला.

होडीवाला वाकून नळीत बघत होता. "सायबांना सांगा, आत डासांची पिल्लं झालीत. विकायची हायेत का पालायची हायेत?"

मी नळ्यांची फळी सोडवून घरी आणली. सासऱ्यांनी एका नळीत बोट घातलं, बाहेर काढलं, ओल्या बोटाकडे बघितलं. त्यांचा चेहरा परत बाल्कनीतल्या खुर्चीसारखा व्हायला लागला होता. उपाय अगदी सोपा होता, तो त्यांनाही माहीत होता, मलाही. बुचाला खालून एक भोक. पण त्यांचा हात धजेना. दोनदा सोल्युशन लावून न गळणारी केलेली वस्तू आपणच गळकी करायची, हे त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं.

"चांगल्या नळीला भोक पाडायचं," ते हळू म्हणाले.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात सांडशी होती आणि सांडशीत लालबुंद तापवलेला मोठा खिळा. "धरा," त्या मला म्हणाल्या. मी नळ्या उलट्या धरल्या. चर्र आवाज झाला, घरभर प्लॅस्टिकचा वास सुटला. एक झालं. त्या आत गेल्या, खिळा पुन्हा तापवून आल्या. अशी चारही भोकं त्यांनी पाडली. नंतर नळीत भांडंभर पाणी ओतून ते सरळ बाहेर पडतं का बघितलं. पडलं. आमच्या फरशीवर पाणी सांडलेलं आहे आणि सासूबाई समाधानाने बघताहेत, हे दृश्य मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आता जायचं उद्या," त्या म्हणाल्या. "मी बघणार, मग तुम्ही पाय ठेवायचा. आधी नाही."

रविवारी भरती सकाळीच होती. होडीवाल्याने मी नेलेली फळी पुन्हा बांधली, काठ्या उभ्या केल्या. सासूबाई बांधावर उभ्या राहिल्या. सासरे त्यांच्या मागे, काठी टेकून, परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखे. सासूबाईंनी होडीत वाकून बघितलं. फळ्या होत्या. धुतलेल्या, ओल्या, मोकळ्या. एक दोरा नाही, एक गळ नाही. त्यांनी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत नजर नेली आणि परत आणली.

"इथून नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि होडीवाल्याकडे हात केला. "धरा हो जरा."

त्या होडीत उतरल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या, तोल सावरत, पायाने प्रत्येक फळी चाचपत. मग मधल्या आडव्या फळीवर बसल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "या."

सासऱ्यांनी आधी डावा पाय टाकला. मग उजवा उचलून आत ओढला. तो फळीवरून सरकत गेला. कशालाच अडकला नाही. ते बसले. होडीवाल्याने वल्हं मारलं.

एक गोष्ट आमच्या नकाशात नव्हती. सासऱ्यांना काठी धरायला उजवा हात नव्हता. त्यांनी गळ पाण्यात सोडला, काठी परत नळीत उभी केली, आणि डावा हात रिळाच्या मुठीवर ठेवला. काठी नळीने धरली होती. त्यांनी रीळ थोडं गुंडाळून बघितलं, थोडं सोडून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं. गप्प बसायला मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

लागला तो शिंगाळा, हाताच्या पंजाएवढा. त्यांनी एका हाताने ओढून वर घेतला. होडीवाला म्हणाला, "सायब, ह्याला मोठा व्हायला सोडा," आणि त्यांनी सोडला.

आभार मानण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. ते सोसायटीच्या कार्यक्रमात सगळ्यात शेवटी एक गृहस्थ मानत, तोवर लोक चपला शोधत असत. त्यामुळे त्या सकाळचे आभार माझ्याकडे राहून गेले आहेत: ज्याने उभ्या पाइपात काठी पाहिली त्याचे, ज्याने आपली पूजेची होडी आमच्या हट्टाला दिली त्याचे, आणि जिने सांडशीने भोकं पाडली तिचे. सासरे पुढे बरीच वर्षं त्या होडीत बसले. मला मिळालेल्या रविवारांपैकी ते सगळ्यात चांगले होते, आणि ते मला कुणीतरी दिले होते, मी कमावले नव्हते.

परतताना ऊन चढलं होतं. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला होता. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण निकाल अजून जाहीर व्हायचा होता. बांध जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "ऊन फार लागतं इथे. पुढच्या रविवारी मी छत्री आणीन. ती पायात येता कामा नये."

सासऱ्यांनी चारही नळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

छत्री चौथ्या नळीत अगदी बरोबर बसली. माझी काठी पुढची सगळी वर्षं मी मांडीवर घेऊन बसलो.